उंदीर बारीक झाले, पण कशाने?

आमच्याकडे किस्से पिंजऱ्यातल्या भुशासारखे जमतात. सकाळी काढून टाकावेत, दुसऱ्या सकाळी परत तेवढेच! आणि त्यातला प्रत्येक किस्सा कुणाला तरी कुणाचा तरी संशय येण्यापासूनच सुरू होतो. स्वभावाला औषध नाही म्हणतात. आमच्याकडे औषध आहे, आणि सगळा संशय त्याच्याच भोवती!

मी महाळुंग्याला एका लॅबमध्ये काम करते. आजूबाजूला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्या, आणि मध्येच आमची पांढरी बिल्डिंग, जिथे उंदरांवर औषधं तपासली जातात. गेली दोन वर्षं लठ्ठपणावरचं एक पेप्टाइड आमच्याकडे आहे. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा. अशी औषधं बहुतेक सुईने टोचतात, कारण तोंडाने दिली तर पोट त्यांना डाळ समजून पचवून टाकतं. परगावच्या एका कंपनीचं म्हणणं होतं की त्यांचं हे पेप्टाइड तोंडाने दिलं तरी टिकतं. खरं की खोटं, ते आम्ही सांगायचं.

त्यासाठी आधी उंदरांना चरबीयुक्त खाणं घालून जाड करायचं, आणि मग रोज औषध पाजून वजन बघायचं. जाड करायलाच अडीच-तीन महिने जातात.

हे जाड करण्याचं काम दत्ताभाऊंचं. दत्ताभाऊ महाळुंग्याचेच, पन्नाशी ओलांडलेले. बिल्डिंग जिथे उभी आहे तिथे त्यांचा भुईमूग असायचा. स्वतःच सांगतात, "तवा उंदीर आमचं फुकटात खायाचे. आता पगार घिऊन खायला घालतो!"

*

दत्ताभाऊंच्या मुलासाठी स्थळ बघायला गेले होते, तेव्हाची गोष्ट. मुलीचे मामा खेडचे, चौकस माणूस. मुलाची नोकरी, घर सगळं विचारून झाल्यावर गाडी बापावर आली.

"तुमी काय करता कंपनीत?"

"उंदीर जाड करतो."

मामा जरा सावरून बसले. "अन् मग?"

"मग औषध पाजून बारीक करायचे."

मामांनी मुलीच्या वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी खिडकीबाहेर पाहिलं. बराच वेळ कुणी पोह्यांना हात लावला नाही. शेवटी मामा हळूच म्हणाले, "दत्ताराव, राग येऊ देऊ नका. पन मग आधी जाड कशाला करता?"

दत्ताभाऊ नंतर आम्हाला म्हणाले, "मॅडम, धा वर्सं झाली हितं. ह्यो प्रश्न मला कदी पडलाच न्हाई!"

लग्न जमलं. पण मामांनी लग्नाआधी दोनदा आमच्या गेटपर्यंत येऊन वॉचमनकडे चौकशी केली होती, हे आम्हाला मागाहून कळलं.

*

संशय काय गावातच येतो असं नाही. आमच्या सांगवीच्या सोसायटीत पाध्येकाकू राहतात. त्यांना कुठूनतरी कळलं की मी वजन उतरवण्याच्या औषधावर काम करते. त्या दिवसापासून लिफ्टमध्ये माझ्याशी बोलताना आवाज खाली.

"मंजिरी, एखादी गोळी आण की गं. ह्यांच्यासाठी."

मी सांगितलं, काकू, अजून उंदरांवर चाललंय. माणसांना द्यायला वर्षं लागतील.

काकूंचा अजिबात विश्वास बसला नाही. "घरातल्यांना देत असशील. तुझा नवरा बघ कसा सडपातळ!"

शेवटी मी म्हटलं, "काकू, गोळी नसतेच ती. उंदराची मान धरून, घशातून नळी घालून थेट पोटात सोडावं लागतं."

वाटलं, आता घाबरतील. काकूंचा मजला आला. बाहेर पडता पडता त्या वळल्या.

"नळी मिळेल का?"

*

एकदा जाड करायचं खाणं स्टोअरमधून कमी व्हायला लागलं. हे खाणं वेगळं असतं, निळसर रंगाचे तुपकट तुकडे. रोज पोत्यातून थोडं थोडं गायब!

आमच्याकडे क्वालिटी विभागात पाटणकर म्हणून आहेत. क्वालिटी म्हणजे सगळ्यांच्या कामात खोट शोधणं हीच त्यांची नोकरी. त्यांनी आधी वॉचमनवर संशय घेतला, कारण त्याच्याकडे कुत्रा आहे. मग कॅन्टीनवाल्यावर. मग कॅमेरे तपासले. काही नाही. शेवटी दत्ताभाऊंनी पोती हलवली, तर मागे भिंतीच्या पायाशी बीळ. आणि बिळात घूस! अशी तुकतुकीत की बघत राहावं. आमच्या जनावरांच्या डॉक्टर, शिरोळे मॅडम, म्हणाल्या, "आपल्या डाएटचा सगळ्यात चांगला रिझल्ट हिच्यावर आलाय."

बीळ बुजवलं, स्टोअर धुतलं. पुढच्या आठवड्यात दिल्लीहून ऑडिटर आले. मराठीचा गंध नाही. स्टोअर बघताना त्यांनी नव्या सिमेंटवर बोट ठेवून विचारलं, "ये क्या है?"

दत्ताभाऊ प्रामाणिक माणूस. म्हणाले, "साहब, इधर घूस मिली थी."

ऑडिटरचं पेन थांबलं. "घूस? किसको?"

"मेरेकू."

"किसने दी?"

"देता कोन नहीं साहब. अपने आप आती है."

पाटणकरांना घाम फुटला. मी मध्ये बोलायला गेले, तर ऑडिटरने हात वर करून मला गप्प केलं. "कितनी थी?"

दत्ताभाऊंनी दोन्ही हात फाकवून दाखवलं, "इत्ती!"

"और आपने रख ली?"

"नहीं साहब! डोंगर पे छोड़ के आया."

*

पहिल्या वेळी औषध सुरू केलं तेव्हा तिसऱ्या आठवड्यात बी गटाची वजनं धडाधड उतरायला लागली. कुठल्या गटाला काय पाजतो हे आम्हाला माहीत नसतं. बाटल्यांवर नुसतं ए, बी, सी, डी. खरी नावं बंद पाकिटात. पण वजनं बघून सगळ्यांना कळायचं ते कळलं. आमचे हेड, बोरकर सर, मोशीहून पेढे घेऊन आले.

सगळ्यांनी खाल्ले. शिरोळे मॅडमनी पेढा कागदावर ठेवला, तसाच.

"मॅडम, तुम्हाला आनंद म्हणून होत नाही का हो?" बोरकर सरांनी विचारलं.

"होतो ना. पण उंदीर बारीक झालेत की आजारी पडलेत, ते आधी बघू. आपण तापाने फणफणलो तरी बारीक होतो!"

उंदराला उलटी होत नाही. ती सोयच नाही त्याच्या अंगात. मळमळायला लागलं की तो माती खातो. म्हणून मॅडमनी प्रत्येक पिंजऱ्यात पांढऱ्या मातीच्या गोळ्या ठेवायला लावल्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर बाकी गटांच्या गोळ्या जशाच्या तशा, आणि बी गटाने सगळी माती फस्त केलेली!

दत्ताभाऊंनी मान हलवली. "आमच्या मंडळींनी बी थोरल्याच्या येळंला अशीच माती खाल्ली व्हती."

बोरकर सरांना अजूनही आशा होती. हसत म्हणाले, "मग मॅडम, गोड बातमीच समजायची की!"

मॅडमनी पेढा उचलून परत बॉक्समध्ये ठेवला.

"सर, सगळे नर आहेत."

औषध बंद केलं. डोस कमी करून, नवे उंदीर आणून, बाटल्यांना नवे कोड लावून पहिल्यापासून सुरुवात करायची ठरली.

*

नवे उंदीर जाड करायला घेतले. दीड महिना छान चाललं. आणि एका सोमवारपासून वजनं उतरायला लागली. चारही गटांची! अजून औषधाचा एक थेंब दिलेला नाही, आणि उंदीर बारीक!

पाटणकरांना खाण्याचा संशय. मॅडमना रोगाचा संशय. बोरकर सरांना दत्ताभाऊंचा. "खाणं नीट घालता ना?" असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. दुसऱ्या दिवशी दत्ताभाऊ उंदरांच्या खोलीत स्टूल टाकून बसले. तासभर नुसते बसून. मग मला बोलावलं.

"मॅडम, पान्याच्या बाटलीकडं बगा."

पिंजऱ्याला लावलेल्या बाटलीतलं पाणी थरथरत होतं. थांबायचं, परत थरथरायचं. मी भिंतीला तळवा लावला. दण! परत दण! शेजारच्या कंपनीने आमच्या भिंतीला लागूनच नवा मोठा प्रेस बसवला होता. पत्र्यावर घाव पडला की आमच्या खोलीत चाळीस उंदीर खाणं टाकून कोपऱ्यात दबून बसायचे.

बोरकर सरांनी शेजारच्या मॅनेजरना बोलावून घेतलं. ते आले, उंदीर बघितले, वजनांचा तक्ता बघितला. त्यांचा काही विश्वास बसेना.

"म्हणजे आमच्या प्रेसच्या आवाजाने हे बारीक झाले?"

"हो."

"साहेब, थट्टा करता का? आमचे ऑपरेटर दिवसभर त्या प्रेससमोर असतात. एकाची तरी ढेरी उतरली का बघा!"

आम्हीच उंदीर पलीकडच्या खोलीत हलवले. आठवड्याभरात खायला लागले.

*

पाटणकरांचा एक सांगायलाच हवा. एकदा ते वजनांची वही घेऊन तरातरा माझ्या टेबलापाशी आले. "मंजिरी, ही वजनं बनावट आहेत."

आमच्या धंद्यात हा शब्द म्हणजे शिवी नाही, खटला!

"बघा. बुधवारपासून प्रत्येक आकड्याच्या शेवटी शून्य किंवा पाच. एकाही उंदराचं वजन तीन किंवा सातवर संपत नाही. उंदीर काय ठरवून वजन वाढवतात? कुणीतरी बसल्या जागी आकडे भरलेत."

वजन मी आणि दत्ताभाऊ करतो. म्हणजे आम्हीच! मी म्हटलं, चला, तुमच्यासमोर करते. एक उंदीर ठेवला. शेवटी पाच. दुसरा. शून्य. तिसरा. शून्य. मग मी उंदीर बाजूला ठेवून काटा उलटा केला. बुधवारी आमचा काटा दुरुस्तीला गेला होता आणि बदली आलेला काटा पाच-पाच ग्रॅमच्याच टप्प्याने दाखवणारा होता. खाली स्टिकर, "तपासला, वापरास योग्य." त्याखाली सही.

"पाटणकर, सही कुणाची हो ही?"

पाटणकरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अस्पष्ट आहे जरा."

*

आता शेवटचा.

दुसऱ्या वेळचं औषध सुरू होऊन महिना झाला होता. बाटल्या शीतखोलीत कुलपात, आणि रोज किती वापरलं याची नोंद. पाटणकरांच्या लक्षात आलं की डीची बाटली नोंदीपेक्षा रिकामी होते आहे. रोज चमचाभर. सांडलं म्हणावं, तर एकच बाटली कशी सांडते?

कुलपाच्या दोन चाव्या. एक माझ्याकडे, एक दत्ताभाऊंकडे. तिसरी हेडच्या कपाटात, पण ती कुणी धरलीच नाही. दत्ताभाऊंच्या पत्नीला शुगर आहे. असली औषधं शुगरही उतरवतात. आणि दत्ताभाऊंनी सगळ्यांदेखत मॅडमना विचारलं होतं, "ह्ये मानसाला कवा मिळनार?" पाटणकरांना तेवढं पुरलं. दत्ताभाऊंना बोरकर सरांच्या केबिनमध्ये बोलावलं. चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका म्हणून सांगितलं.

दत्ताभाऊ कुणावर ओरडले नाहीत. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "मॅडम, चावी तुमच्याकडं बी हाय."

मला दोष द्यायला नव्हते म्हणत. नुसती वस्तुस्थिती. माझ्यावर कुणी संशय घेतला नव्हता. मी एम.एस्सी. आहे ना! आणि दहा वर्षं त्या माणसाबरोबर काम करून मी तिथे तोंड उघडलं नाही. कारण खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं होतं, बायकोसाठी नेलं असेल.

दत्ताभाऊ घरी बसले. आठवडा गेला. बाटली कमी होतच राहिली. पाटणकर म्हणाले, "डुप्लिकेट चावी असणार." संशयाचं असंच असतं. एकदा माणूस ठरला की पुरावा त्याच्याच मापाने शिवतात!

शिरोळे मॅडमनी मग सगळ्यांना मीटिंगला बोलावलं. नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "एक सूचना. डी गटाच्या उंदरांचं लिव्हर मला नीट तपासायचं आहे. हे औषध अजून कुणा माणसाने घेतलेलं नाही, तेव्हा माणसात काय होईल ते मी सांगू शकत नाही. कुणाच्या चुकून पोटात गेलं असेल, तर आजच रक्त तपासून घ्यावं. बस."

मग टेबलाच्या टोकाकडून बोरकर सरांचा आवाज आला.

"मॅडम, चुकून म्हणजे... साधारण किती चमचे?"

मॅडमनी त्यांना बाहेर नेलं, स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. रक्त ठीक निघालं. सगळं सांगितलं त्यांनी. कमी डोसमुळे वजनांवरून अजून काही कळत नव्हतं. डीचे उंदीर त्यांना इतरांपेक्षा चपळ वाटायचे, म्हणून त्यांनी डी धरला. रोज सकाळी चहाच्या आधी एक चमचा. दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "वडील पन्नासाव्या वर्षी गेले, मंजिरी. शुगर आणि हार्ट. मी एक्कावन्नचा आहे. जिना चढताना रोज त्यांची आठवण येते." मला राग आला होता, तो तसाच राहिला. पण त्याच्या शेजारी दुसरंही काहीतरी येऊन बसलं. मी विचारलं, "आणि दत्ताभाऊ?" त्यांनी मान खाली घातली. त्याच दिवशी त्यांनी वर लेखी कबुली दिली. या कामाची जबाबदारी त्यांच्याकडून काढून घेतली.

मी आणि मॅडम दत्ताभाऊंच्या घरी गेलो. मी माफी मागितली. वहिनींनी चहा दिला, बिनसाखरेचा. घरात सगळ्यांनाच तसा असतो की माझ्यासाठी खास तसा केला होता, विचारायची माझी हिंमत झाली नाही. दत्ताभाऊंनी उठून टोपी घातली.

"चला. त्या उंदरांनी काय वाकडं केलंय माजं?"

औषधाची मुदत संपली आणि पाकीट उघडायचा दिवस आला. आम्ही सगळे खोलीत. बोरकर सर मागे भिंतीशी खुर्ची घेऊन बसले होते. वजन चांगलं चार किलोने उतरलेलं. पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं. कंपनीच्या बसमध्ये लोक त्यांना काय करता म्हणून विचारायचे. पाटणकरांनी सील तपासलं, दोनदा, आणि वाचायला सुरुवात केली.

"प्रत्येक गटात दहा जनावरं. गट ए, कमी डोस. गट बी, जास्त डोस. गट सी, मधला डोस."

ते थांबले. कागद जवळ धरला.

"गट डी. औषध नाही. नुसतं पाणी आणि घट्टपणासाठी गोंद."

मॅडम कागदांकडे बघत राहिल्या. मी छताकडे. मागे वळून बघायची कुणाची छाती नव्हती.

दत्ताभाऊंनी शांतपणे वजनांची वही उघडली, डी गटाचं पान काढलं, पेनाचं टोपण काढलं.

"मॅडम, डी गटातलं अकरावं जनावर किती उतरलं म्हून लिवू?"